हिरव्या बॅगेची झडती

थांबा. आधी तो हात बाहेर काढा, मग बोलू.

मी एक बॅग बोलतेय. हिरव्या रेक्झिनची, एका कुशीला शिवण उसवलेली, पट्ट्याला दोनदा टाका घातलेली. तुम्हाला वाटलं असेल, जुनी वस्तू दिसतेय, चाळून तर बघू. माणसांना दुसऱ्याच्या बॅगेत काय आहे याची भारी उत्सुकता. तोंडाने विचारणार नाहीत, पाठ वळली की हात घालतील. म्हणून आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव संशयी आहे. बॅगेचा असायलाच हवा.

माणसांच्या चेहऱ्यावर माझा फारसा भरवसा नाही. चेहरा काय, हवा तसा करता येतो. हात मात्र लपत नाही. माझ्यात हात शिरला की तो कुणाचा आणि कशासाठी आलाय, हे मला लगेच कळतं. निदान तसं मला वाटायचं.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. तिथे एक बाई गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. जाड सुईचं, दणदण वाजणारं मशीन होतं तिचं. एका मोठ्या गाडीची सगळी सीटं हिरवी करून झाली आणि शेवटी रेक्झिनचा एक तुकडा उरला. बाईला मुली दोन आणि तुकडा एका बॅगेपुरता. तिने थोडा विचार केला आणि माझ्या पोटात मधोमध एक पडदा शिवून टाकला.

"डावी बाजू थोरलीची, उजवी धाकटीची," ती मुलींना म्हणाली. "आता भांडलात तर बॅग मीच वापरीन."

थोरली आणि धाकटी. आई त्यांना याच नावांनी हाक मारायची, तुम्हीही तेवढंच लक्षात ठेवा. थोरलीचा हात सरळ आत यायचा, हवं ते घ्यायचा आणि बाहेर जायचा. धाकटीचा हात चाचपडायचा. स्वतःच्या कप्प्यात चाचपडून झालं की पडद्यावरून हळूच डावीकडे उतरायचा. थोरलीने ठेवलेली गोळ्याबिस्किटं अशीच नाहीशी व्हायची. थोरली विचारायची, "तू घेतलंस?" धाकटी म्हणायची, "मी? छे!" आणि थोरली तिच्याकडे नुसती बघत राहायची. मोठ्या झाल्यावर हे चाचपडणं आणि हे नुसतं बघणं दोघींच्याही फार कामाला आलं, पण चांगलं काम होतं की वाईट, ते तुम्हीच शेवटी ठरवा.

शाळेत खेळाचे नवे शिक्षक आले. त्यांनी मैदानात दोन उंच खांब रोवले आणि वर एकेक बिनबुडाची टोपली बसवली. खेळाचं नाव कॉर्फबॉल. मी कडेला पडून पडून तो शिकले. एका संघात चार मुली आणि चार मुलगे. चेंडू हातात घेऊन पळायचं नाही, आपटत न्यायचा नाही, नुसता एकमेकांकडे फेकायचा आणि संधी मिळाली की टोपलीत टाकायचा. मुलीने मुलीला अडवायचं, मुलाने मुलाला. आणि अडवणारी तुमच्यासमोर हाताच्या अंतरावर हात उंचावून उभी राहिली, की तुम्ही टोपलीकडे चेंडू टाकूच शकत नाही. म्हणजे सगळी गंमत एका पावलाची. समोरची आता कुठे पळणार, हे ज्याला आधी कळलं, तो जिंकला.

या खेळाला ताकद लागते असं लोक म्हणतात. मला विचाराल तर संशय लागतो.

दोघी बहिणी त्यात तयार झाल्या. मी त्यांच्यासोबत गावोगाव हिंडले. एकाच पट्ट्याला दोघींचे खांदे मिळाले. पुढे दोघी देशाच्या संघात गेल्या. तिथे धाकटीला परक्या देशाच्या संघातला एक मुलगा भेटला. शांत होता. सामन्यानंतर तिची विसरलेली पाण्याची बाटली द्यायला आला आणि नंतर बाटली नसतानाही येत राहिला. धाकटीने आईला सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं, प्रशिक्षकांना सांगितलं. थोरलीला सगळ्यात शेवटी कळलं, तेही दुसऱ्यांकडून.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू तोंड वाकडं केलं असतंस."

"ते मी ठरवलं असतं ना. सांगून तर बघायचं!"

धाकटी त्या वेळी माझ्या उजव्या कप्प्यातून आपली चीजवस्तू काढत होती. तिचा हात नेहमीसारखा डावीकडे वळला नाही. लग्न झालं, ती त्याच्या देशात गेली, तिथलीच झाली आणि काही वर्षांनी तिथल्या संघातून खेळू लागली. दोघी बहिणी आईच्या वाढदिवसाला फोनवर बोलायच्या. "बरी आहेस?" "बरी आहे." झालं.

उजवा कप्पा बरेच दिवस रिकामा राहिला. मग त्यात चिमणीचं सामान आलं. चिमणी म्हणजे थोरलीची संघातली मैत्रीण. अंगाने एवढीशी आणि पानात एका घासाचे चार करून खाणारी, म्हणून चिमणी. तिच्या हाताची दोन बोटं कायम चिकटपट्टीने बांधलेली असायची आणि हाताला बामाचा वास यायचा. मला तो हात सवयीचा झाला. पण एक सांगते, तो कधीही पडद्यापलीकडे गेला नव्हता.

अशात एक मोठी स्पर्धा आली. आठ देशांचे संघ, परका देश आणि सगळ्यांना राहायला एकच लांबलचक वसतिगृह.

विमानतळावरच माझी पहिली झडती झाली. हातमोजा घातलेला हात होता. त्याने थोरलीचे बूट उलटे केले, पायमोजे झटकले आणि बामाची बाटली नाकाशी नेली. लगेच दूर धरली. "जाऊ दे यांना," असं काहीसं त्याच्या भाषेत म्हणाला. आमच्यामागे लंबू उभा होता, संघातला सगळ्यात उंच गडी. तो म्हणाला, "चिमणे, तुझ्या बामाने देश जिंकला."

तेवढाच काय तो हसण्याचा दिवस. कारण दुसऱ्याच सामन्यात समोर धाकटीचा संघ आला.

आमच्या संघाच्या खुणा ठरलेल्या होत्या आणि त्या स्पर्धेआधी नव्याने बसवल्या होत्या. खुणा चिमणी करायची. तिने कानाला हात लावला, तर थोरलीने डाव्या अंगाने लांब पळत सुटायचं. खांदा चोळला, तर थोरलीने खांबाजवळ येऊन चेंडू पुढे द्यायचा. खेळी कोणतीही असो, सुरुवात थोरलीपासून. आणि थोरलीला अडवायला कोण? धाकटी. मुलीने मुलीला अडवायचं, त्यात बहिणीला सूट नाही.

चिमणीने कानाला हात लावला की धाकटी आपल्या नव्या भाषेत एक शब्द ओरडायची आणि थोरली पळायच्या आधीच तिची वाट बंद. चिमणीने खांदा चोळला की धाकटीचा दुसरा शब्द यायचा आणि खांबाजवळ भिंत उभी. एकदा नाही, दोनदा नाही, सामनाभर. आम्ही असे हरलो की धावफलकाकडे बघवेना.

कपडे बदलायच्या खोलीत आमचे प्रशिक्षक बाकावर टेकले. त्यांना सगळे नुसतं सर म्हणायचे. मग बुटाची नाडी सोडता सोडता ते म्हणाले, "आपल्या खुणा त्यांना माहीत होत्या."

"योगायोग असेल सर," लंबू म्हणाला.

"एकदा झाला तर योगायोग. पुन्हा पुन्हा झाला तर बातमी."

कुणीही थोरलीकडे पाहिलं नाही. मला तेच खटकलं. हरल्यावर माणसं एकमेकांकडे बघतात, कुणी पाठीवर थाप मारतं, कुणी शिव्या घालतं. त्या दिवशी मात्र सगळ्यांच्या नजरा थोरलीला वळसा घालून जात होत्या, जशी पायवाट खड्ड्याला वळसा घालते.

"मी काही सांगितलेलं नाही," थोरली म्हणाली.

"तुला कोण काय म्हणालं?" सर म्हणाले.

खरं सांगायचं तर माझ्याही मनात पाल चुकचुकली. बहिणी म्हणजे बहिणी. पडद्यावरून हात डावीकडे-उजवीकडे जायची जुनी सवय मी स्वतः पाहिलेली.

आणि माझ्या संशयाला खतपाणीही लगेच मिळालं. वसतिगृहाच्या तळघरात कपडे धुवायची यंत्रं होती. दुपारी थोरली मला घेऊन तिथे गेली. तर यंत्रासमोरच्या बाकावर धाकटी! दोघी थोडा वेळ फिरणारे कपडे बघत बसल्या.

"आईचे डोळे कसे आहेत?" धाकटीने विचारलं.

"आताशा सुई दुसऱ्याकडून ओवून घेते."

धाकटीने खिशातून एक लहानसं पुडकं काढलं. "हे दे तिला. शिवताना लावायचा चष्मा आहे. मोठ्या भिंगाचा."

"तूच पाठव की."

"मी पाठवला तर जपून कपाटात ठेवेल. तू दिलास तर लावेल."

थोरलीने पुडकं घेतलं नाही, पण मला तिच्याकडे सरकवलं. धाकटीचा हात कितीतरी वर्षांनी माझ्यात आला. सवयीने उजवीकडे गेला. तिथे बामाची बाटली लागली. हात जरा थबकला, मग पडदा ओलांडून डावीकडे आला आणि पुडकं ठेवून निघून गेला.

"खुणा तुला कुणी सांगितल्या?" थोरलीने एकदम विचारलं.

यंत्र थांबलं. धाकटी उठली, ओले कपडे टोपलीत भरले आणि जिना चढून गेली.

मी मनात म्हटलं, हे काही बरं नाही. पुडकं आत आहे, उत्तर बाहेर नाही.

उपांत्य फेरी आम्ही जिंकली. समोर धाकटी नव्हती आणि खेळ्या बिनबोभाट जमल्या. सगळे आनंदाने ओरडले, पण त्या ओरडण्यातही एक हिशेब होता, मला तो ऐकू आला. त्याच दुपारी थोरली अंघोळीला गेली आणि खोलीत चिमणी एकटी राहिली. दोघींची खोली एकच.

माझी चेन उघडली. बामाचा वास आला. मी निर्धास्त होते. हात उजव्या कप्प्यात शिरला, पण त्याने काहीच घेतलं नाही. मग तो पडद्यावर आला. तिथे थांबला. आणि डावीकडे उतरला.

मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. बांधलेल्या दोन बोटांनी बूट बाजूला केले, टॉवेलची घडी उचलली, पुडक्याचा कागद सोडला, त्यावर धाकटीच्या देशाची अक्षरं होती. चष्मा बाहेर आला. चिमणीने तो उजेडात धरला, उलटासुलटा केला. एकदा संशय आला की चष्माही चष्म्यासारखा दिसत नाही. तिने तो जसाच्या तसा गुंडाळला, सगळं जागच्या जागी ठेवलं आणि चेन लावली. पार टोकापर्यंत.

थोरली केस पुसत बाहेर आली. ती माझी चेन कधीच पूर्ण लावत नसे, ओले बूट कुबट होतात म्हणून थोडी उघडी ठेवायची. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मग भिंतीकडे तोंड करून पडलेल्या चिमणीच्या पाठीकडे पाहिलं. तिने चेन थोडी मागे ओढली आणि केस पुसायला लागली. थोरलीचं असंच. पाणी पोटात मुरवायचं आणि वर म्हणायचं, कोरडी आहे.

संध्याकाळी सरांनी तिला जिन्यात गाठलं. मी तिच्या खांद्यावर होते.

"बहिणीने तुला काहीतरी दिलं म्हणे."

"चष्मा दिला. आईसाठी."

"बघू."

थोरलीने पुडकं काढून दिलं. सरांनी चष्म्याच्या काड्या उघडल्या, मिटल्या, काच बोटाने वाजवली. शेवटी स्वतःच्या डोळ्यांवर चढवला आणि लगेच काढला. "चष्माच आहे."

"मग?"

"मग काय? चष्म्यासाठी भेटलीस, म्हणजे भेटलीस. हे बघ, मी तुला चोर म्हणत नाही. पण उद्या फायनलला समोर तीच आहे. उद्या तू बाहेर बसशील."

थोरलीने माझा पट्टा इतका घट्ट धरला की जुन्या टाक्यातला एक धागा तुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसतिगृहाच्या आवारात दोन्ही संघांच्या बस उभ्या होत्या. थोरलीने धाकटीला बसच्या मागे अडवलं.

"मला आज बसवलंय. तुझ्यामुळे."

धाकटीचा चेहरा उतरला. "ताई, शपथ घेते. मला कुणीही काहीही सांगितलेलं नाही."

"मग तुला कळतं कसं?"

धाकटीने बसकडे पाहिलं. तिचा नवरा खिडकीतून तिच्याकडेच बघत होता. "ते आज नाही सांगता येणार. आज सांगितलं तर मी माझ्या संघाची गद्दार."

"आणि नाही सांगितलंस तर मी माझ्या संघाची."

धाकटी ओठ चावत उभी राहिली. बसचा भोंगा वाजला आणि ती गेली. तिच्यावर विश्वास ठेवावा की नाही, मला कळेना. थोरलीलाही कळत नव्हतं, कारण ती बसमध्ये मला मांडीवर घेऊन बसली आणि प्रवासभर माझ्या चेनशी चाळा करत राहिली.

फायनल सुरू झाली. थोरलीच्या जागी एक राखीव मुलगी उतरली. थोरली बाकाच्या मागच्या टोकाला डोक्यावर टॉवेल घेऊन बसली, मी तिच्या पायाशी. आणि काय सांगू! चिमणीने कानाला हात लावला, धाकटी गोंधळली. चिमणीने खांदा चोळला, धाकटी भलतीकडेच गेली. आमचे गोल एकामागून एक पडू लागले. मध्यंतरापर्यंत आम्ही चांगलेच पुढे होतो.

आता सांगा, याहून मोठा पुरावा कोणता? थोरली बाहेर, गळती बंद. बाकावरचे सगळे मनातून तेच म्हणत होते. लंबूसुद्धा पाणी प्यायला आला तेव्हा थोरलीच्या हातची बाटली न घेता दुसरी घेऊन गेला. आणि मी, जिच्या पोटात तिचं सगळं आयुष्य राहिलं, त्या मीसुद्धा म्हटलं, बाई गं, केलंस की काय तू?

मध्यंतरात थोरली सगळ्यांना पाणी द्यायला पुढे आली आणि मग बाकाच्या पुढच्या टोकालाच बसली. टॉवेल मांडीवर. मी तिच्या टाचेखाली. खेळ पुन्हा सुरू झाला.

चिमणीने कानाला हात लावला. त्याच क्षणी थोरलीची डावी टाच माझ्या अंगावरून उचलली गेली. धाकटी ओरडली आणि वाट बंद.

थोड्या वेळाने चिमणीने खांदा चोळला. थोरलीने उजवा तळवा माझ्या पट्ट्यावर पुसला. धाकटीचा दुसरा शब्द आला आणि खांबाजवळ भिंत उभी.

पुन्हा कान, पुन्हा टाच, पुन्हा तो शब्द.

सगळ्यात आधी मला कळलं, आणि सांगायला मला तोंड नाही! गळती खरंच थोरलीतूनच होती. पण तिच्या जिभेतून नव्हे, तिच्या टाचेतून आणि तळव्यातून. खेळ अंगात असा मुरलेला की बाकावर बसूनही अंग पळायला निघायचं. आणि धाकटीने ते अंग लहानपणापासून वाचलेलं. ताई पळायच्या बेतात असली की टाच उचलते, देण्याच्या बेतात असली की हात पुसते. तिला खुणा माहीतच नव्हत्या. तिला ताई माहीत होती.

आमची आघाडी वितळायला लागली. बाकावर कुणीतरी पुटपुटलं, "आता कसं कळलं त्यांना?" तेवढ्यात थोरलीला दिसलं, की धाकटी चिमणीकडे बघतच नाहीये. ती बाकाकडे बघतेय. थोरलीने खाली आपल्या पायाकडे पाहिलं. मग हळूच दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि पाय माझ्या पट्ट्यात अडकवून ठेवले. चिमणीने खूण केली. धाकटीने बाकाकडे पाहिलं, तिला काहीच दिसेना आणि ती उशिरा हलली. गोल!

तरी आघाडी जेमतेम उरली होती, म्हणून सरांनी विश्रांती मागितली. खेळाडू भोवती जमले.

"सर, ती मला वाचतेय," थोरली म्हणाली.

"काय?"

"खुणा मीच देतेय. मला माहीत नव्हतं. पाय हलतो माझा. हात पुसते मी. लहानपणापासूनची खोड आहे."

सरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं विमानतळावरच्या माणसाने बामाच्या बाटलीकडे पाहिलं होतं. "आणि हे आता सुचलं? फायनल हातातून चालल्यावर?"

"खोटं वाटत असेल तर बघा. चिमणी कानाला हात लावेल. मी टाच उचलणार नाही, हात पुसेन. धाकटी खांबाकडे जाईल."

चिमणी म्हणाली, "बघूया सर." तिचा आवाज बसला होता.

आणि झालंही तसंच. चिमणीने कान धरला, थोरलीने बाकावर तळवा पुसला, धाकटी शब्द ओरडत खांबाकडे धावली आणि आमची राखीव मुलगी डाव्या अंगाने मोकळी सुटली. गोल! लंबू मैदानातूनच ओरडला, "अरे, ही तर टाचेची बातमी निघाली!"

सरांनी थोरलीकडे पाहिलं. "जा आत," एवढंच म्हणाले.

पुढचं मी बाकाखालून पाहिलं. थोरली आयुष्यात पहिल्यांदा अंगाने खोटं बोलत होती. टाच उचलायची आणि थांबायची. हात पुसायची आणि पळायची. धाकटी एकदा फसली, दुसऱ्यांदा फसली. मग तिला कळलं की आपण फसतोय, पण आता खरं काय आणि खोटं काय, हे तिला ठरवता येईना. शेवटच्या क्षणी गोल बरोबरीत होते. दोघी समोरासमोर. थोरलीने तळवा मांडीवर पुसला. धाकटीचं वजन खांबाच्या दिशेने गेलं, फक्त अर्धं पाऊल. थोरली सुटली, चेंडू आला, कुणाचाही हात आड नव्हता. चेंडू टोपलीच्या कडेवर एकदा नाचला आणि आत गेला.

शिट्टी झाली. आमचे सगळे थोरलीवर कोसळले. मघाशी जे तिच्या हातचं पाणी घेत नव्हते, तेच तिला उचलायला धावले. माणसांचं मला हेच कळत नाही.

थोरली मात्र त्यांच्या डोक्यांवरून पलीकडे बघत होती. धाकटी एकटी खांबाशी उभी होती. तिच्या संघातले लोक चेंडू गोळा करत होते, घाम पुसत होते, पण तिच्याकडे कुणीही पाहत नव्हतं. नजरा तिला वळसा घालून जात होत्या. ती रीत मला ओळखीची होती. बहिणीला जिंकू दिलं, असंच ते मनात म्हणत असणार. तिचा नवरासुद्धा जमिनीकडे बघत होता.

थोरलीने स्वतःला सोडवून घेतलं आणि तडक त्यांच्या प्रशिक्षिकेसमोर जाऊन उभी राहिली. तिला त्यांची भाषा येत नव्हती.

"ताई, राहू दे," धाकटी म्हणाली.

"तू सांग त्यांना, मी कसं फसवलं ते."

"मी नाही सांगणार. मी सांगितलं तर खरं कोण मानेल?"

मग थोरलीने भर मैदानात, सगळ्यांच्या देखत, टाच उचलून दाखवली आणि पळायचा आव आणला. तळवा मांडीवर पुसून दाखवला आणि खांबाकडे बोट केलं. मग धाकटीच्या डोळ्यांकडे बोट केलं, स्वतःच्या पायाकडे केलं. मग सगळं उलटं करून दाखवलं. आपलं गुपित, जे ती पुढची कितीतरी वर्षं त्यांच्याविरुद्ध वापरू शकली असती, ते तिने असं उघड्यावर मांडून टाकलं. आमच्या बाकावरून सर ओरडले, "अगं, काय करतेयस?" तिने ऐकलं नाही.

परक्या प्रशिक्षिका गंभीरपणे बघत राहिल्या. मग त्यांनी स्वतःची टाच उचलून विचारल्यासारखं केलं. थोरलीने मान हलवली. त्या बाई हळूच हसल्या आणि त्यांनी धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना पटलं की नाही, मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण धाकटीचा नवरा उठून तिच्याजवळ आला, एवढं मी पाहिलं.

दोघी बहिणी माझ्याजवळ बाकावर येऊन बसल्या.

"तू मला फसवलंस," धाकटी म्हणाली.

"हो."

"तुला येत नव्हतं फसवायला."

"आजच आलं."

धाकटी हसली, पण हसणं पुरतं उमटलं नाही. "एक तुझंच मला न विचारता कळायचं, ताई. आता तू कधी खरी आहेस, कसं ओळखू?"

थोरलीने पुष्कळ विचार केला. "विचार," ती म्हणाली. "विचारलंस की सांगेन. आणि तूही सांग. शेवटी नको, आधी सांग."

परतीच्या विमानात चिमणी थोरलीशेजारी बसली होती. बराच वेळ बोटांची पट्टी सोडत आणि बांधत राहिली. मग म्हणाली, "तुझी बॅग मी उघडली होती."

"माहीत आहे."

"बोलली का नाहीस?"

"तू विचारशील म्हणून वाट बघत होते."

चिमणी रडली. थोरलीने तिला रुमाल दिला, पण 'असू दे' म्हणाली नाही. पुढे दोघी एकत्र खेळल्या, हसल्याही. तरी चिमणीने आपली वेगळी बॅग घेतली. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं.

आता माझा खेळ संपलाय. थोरलीही खेळत नाही, मुलींना शिकवते. मी तिच्या पलंगाखाली असते. आई माझ्यात रंगीत कापडांचे तुकडे ठेवते. पडदा मात्र तिने उसवला नाही, का ते मी विचारलेलं नाही. दर रविवारी धाकटीचा फोन येतो आणि मी खालून ऐकते. आधी दोघी हवापाण्यावर बोलायच्या. मागच्या रविवारी धाकटीने विचारलं, "गुडघा कसा आहे तुझा?"

मला वाटलं, थोरली आता म्हणेल, 'बरा आहे.' जन्मभर हेच ऐकत आलेय मी.

"दुखतो," थोरली म्हणाली. "जिना उतरताना फार दुखतो. कधीकधी रडू येतं."

पलीकडे धाकटी काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. पण त्या दिवशी फोन खूप वेळ चालला. थोरली एकदाही 'चल, ठेवते' म्हणाली नाही.

तर अशी माझी हकिकत. चिमणीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला, थोरलीवर विनाकारण संशय घेतला. हातांवरून माणूस ओळखते म्हणणाऱ्या माझी ही गत! तेव्हा जाता जाता एक विनंती आहे. बॅगेला माणसांचं फार कळतं असं समजून कुणाची बॅग उघडू नका. आम्हाला फक्त आमच्यात ठेवलेलं माहीत असतं. माणसांच्या आत काय ठेवलंय, ते त्यांनाच विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थोडं थांबा.